भाच्याला अमेरिकेत ज्युरीचं समन्स आलंय, हे नक्की काय असतं? आणि आपल्याकडं का बंद केलं?

टॉवेल_अक्कलकोटरोड

नमस्कार मंडळी. मी सोलापूरचा, अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा छोटा कारखाना आहे. कोर्टकचेरीचं ज्यांना कळतं त्यांनी जरा सविस्तर सांगा. भाचा न्यू जर्सीत असतो, सॉफ्टवेअरमधे आहे, मागच्या वर्षी तिथलं नागरिकत्व घेतलं. त्याला तिथल्या कोर्टाचं समन्स आलंय, ज्युरीसाठी हजर राहा म्हणून. समन्स हा शब्द ऐकल्यापासून ताईच्या घशाखाली घास उतरंना, पोरानं काही केलं का, कुणी अडकवलं का. तो म्हणतोय अगं आई मी आरोपी नाही, मला निकाल द्यायला बोलावलंय. आता हेच मला कळंना, ज्यानं आयुष्यात कायद्याचं पुस्तक उघडलं नाही तो खून-दरोड्याचा निकाल कसा देणार? मग जज तिथं काय करतो? नाही म्हणता येतं का, पगार कापतात का, बारा जणांचं एकमत झालंच नाही तर काय?

दुसरं म्हणजे आपल्याकडं पण ज्युरी होती म्हणतात, नानावटी खटल्यानंतर बंद झाली. का बंद केली? आमचा शेतीच्या वाटणीचा दावा वडिलांपासून चालू आहे, वडील गेले, समोरच्या बाजूचे चुलते गेले, आता आम्ही पोरं तारखांना जातोय. तेव्हा मनात येतं की गावातली चार शहाणी माणसं बसवली असती तर कधीच मिटलं असतं. हा विचार बरोबर आहे का ते पण सांगा.

एडिसनकर_मूळचा_बाळीवेस

काका, आधी ताईंना सांगा निवांत राहा. इथं हे समन्स कुणालाही येतं. मतदार यादी, ड्रायव्हिंग लायसन्स, टॅक्स भरणाऱ्यांची यादी असं सगळं एकत्र करून कॉम्प्युटर नावं काढतो. लायसन्सच्या यादीमुळं ग्रीन कार्डवाल्यांना आणि व्हिसावाल्यांना पण पत्र येतं, त्यांनी फॉर्मवर नागरिक नाही असं लिहून परत पाठवायचं, बास. पत्र कचऱ्यात टाकायचं नाही आणि चुकून नागरिक आहे असं तर अजिबात लिहायचं नाही, पुढं इमिग्रेशनला फार जड जातं. तुमचा भाचा नागरिक आहे म्हणजे त्याला जावं लागणार. आजारपण, लहान मूल, आधी ठरलेला प्रवास असं काही असेल तर तारीख पुढं ढकलून मिळते, पण सरळ नाही म्हणता येत नाही. कंपनी यावरून नोकरीवरून काढू शकत नाही. भत्ता मात्र किरकोळ आहे, फेडरल कोर्टात दिवसाला ५० डॉलर, राज्यांच्या कोर्टात बऱ्याच ठिकाणी त्याहून कमी, आणि पगार चालू ठेवायचा का नाही हे बरंचसं कंपनीवर असतं.

मी स्वतः एका चोरीच्या केसला बसलोय म्हणून सांगतो कसं चालतं. एका मोठ्या हॉलमधे शे-दोनशे माणसं बसवतात, त्यातली काही नावं काढून कोर्टरूममधे नेतात. तिथं जज आणि वकील एकेकाला प्रश्न विचारतात, आरोपीला किंवा साक्षीदाराला ओळखता का, घरात कुणी पोलिसात आहे का, तुमच्याकडं कधी चोरी झाली का, पोलिसाची साक्ष इतरांच्या साक्षीसारखीच तोलून बघाल का. ज्याचं मन आधीच एका बाजूला झुकलंय त्याला जज घरी पाठवतो. शिवाय दोन्ही वकिलांना ठरावीक संख्येत कारण न देता नावं काढता येतात. पूर्वी काय व्हायचं, आरोपी काळा असला की सरकारी वकील यादीतली काळी माणसं गपचूप काढून टाकायचे. १९८६ साली बॅट्सन खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलं की वंशावरून असं काढता येणार नाही. तरी वाद आजही होतात.

मग शपथ होते आणि साक्षी सुरू. रोजच्या रोज, सलग, मधे महिन्याभराची तारीख वगैरे नाही. त्या काळात केसबद्दल बायकोशी पण बोलायचं नाही, नेटवर शोधायचं नाही, जे कोर्टात समोर आलं तेवढंच खरं धरायचं. तुम्ही विचारलं जज काय करतो, तर कुठला पुरावा आत येईल, कुठला प्रश्न चालेल हे सगळं जजच ठरवतो आणि शेवटी आम्हाला कायदा समजावून सांगतो. चोरी म्हणायला कुठकुठल्या गोष्टी सिद्ध व्हाव्या लागतात, त्यातली एक जरी वाजवी शंकेपलीकडं सिद्ध झाली नाही तर दोषी म्हणायचं नाही, हे एकेक वाक्य वाचून दाखवलं. त्यामुळं कायद्याचं पुस्तक आपण उघडलेलं नसलं तरी चालतं. आपलं काम एवढंच की खरं काय घडलं, कुणावर विश्वास ठेवायचा. शिक्षा किती ते बहुतेक राज्यांत पुन्हा जजच ठरवतो.

खोलीत दार बंद केल्यावर मात्र फक्त आम्ही. आमच्यात एकजण गोदामात काम करणारा होता, दिवसभर कोर्टात एक शब्द बोलला नव्हता. त्यानं माल उतरवल्याच्या पावतीवरची वेळ आणि साक्षीदारानं सांगितलेली वेळ जुळत नाही हे दाखवलं, कारण त्याचं रोजचं कामच ते. आम्ही डिग्रीवाले सगळे ते वाचून पुढं गेलो होतो. तेव्हापासून माझा या पद्धतीवर मनापासून विश्वास आहे, बारा वेगवेगळ्या धंद्यांतली माणसं एकत्र बसली की एकट्या हुशार माणसाला न दिसणारं दिसतं.

एकमताचं म्हणाल तर गंभीर गुन्ह्यात दोषी ठरवायला सगळ्यांचं एकमत लागतं. लुईझियाना आणि ओरेगनमधे १० विरुद्ध २ पण चालायचं, ते २०२० च्या रेमोस निकालानं बंद झालं. एकमत नाहीच झालं तर हंग ज्युरी, खटला पुन्हा नव्या ज्युरीपुढं चालवायचा का सोडायचा ते सरकारी बाजू ठरवते. पण एकदा निर्दोष म्हटलं की संपलं, सरकारला त्यावर अपील नाही.

अ‍ॅड_सातरस्ता

वरचं उत्तर चांगलं आहे, एक भर घालतो. अमेरिकेत दर गुन्हेगाराला बारा जण बघतात असं समजू नका. तिथं ९० टक्क्यांहून जास्त शिक्षा आरोपीनं गुन्हा कबूल करून तडजोड केल्यानं होतात, खटला उभाच राहत नाही. ज्युरीपुढं जाणारे थोडे.

आता आपल्याकडचं. नानावटीनंतर ज्युरी बंद झाली हे इतक्या वेळा सांगितलं जातं की लोकांना वाटतं निकाल लागला आणि दुसऱ्या दिवशी कायदा बदलला. तसं नाही. विधी आयोगानं १४ व्या अहवालात ज्युरी रद्द करा अशी शिफारस केली ती १९५८ ला, अध्यक्ष सेटलवाड होते, आणि नानावटीनं गोळ्या झाडल्या २७ एप्रिल १९५९ ला. म्हणजे वारं आधीच फिरलं होतं. आणि नानावटीनंतरही काही ठिकाणी ज्युरीचे खटले चालले. पूर्ण बंद झाली ती १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेनं, जी १ एप्रिल १९७४ पासून लागू झाली, त्यात ज्युरीची तरतूदच ठेवली नाही. आता त्या जागी जी नागरिक सुरक्षा संहिता आलीय तिच्यातही नाही.

मुळात इंग्रजांनी सुद्धा ती सगळीकडं दिली नव्हती. मुंबई, कलकत्ता, मद्रासच्या हायकोर्टात होती, पण जिल्ह्यात कुठं आणि कुठल्या गुन्ह्यांना ज्युरी लावायची हे प्रांतिक सरकार ठरवायचं. बाकी ठिकाणी जजबरोबर असेसर बसायचे, त्यांचं मत विचारायचे पण जजवर ते बंधनकारक नव्हतं. असेसर १९५५ च्या दुरुस्तीनं गेले.

नानावटीचं थोडं नीट सांगतो कारण ज्युरीचं बलस्थान आणि दुखणं दोन्ही त्यात दिसतं. नौदलाचा अधिकारी, बायकोनं प्रेम आहुजाशी संबंध असल्याचं कबूल केलं. यानं बायकोमुलांना मेट्रो सिनेमाला सोडलं, जहाजावर जाऊन रिव्हॉल्व्हर घेतलं आणि आहुजाच्या घरी जाऊन गोळ्या झाडल्या. बचाव असा की झटापटीत चुकून सुटल्या. बाहेर ब्लिट्झ साप्ताहिकानं त्याला हिरो करून ठेवलेलं, कोर्टाबाहेर गर्दी. नऊ जणांच्या ज्युरीनं ८ विरुद्ध १ मतांनी निर्दोष ठरवलं. पण १८९८ च्या जुन्या संहितेत कलम ३०७ होतं, ज्युरीचा निर्णय कुणाही समजूतदार माणसाला पटणार नाही असा वाटला तर सेशन्स जजला प्रकरण हायकोर्टाकडं पाठवता यायचं. जज मेहता यांनी पाठवलं. हायकोर्टानं पुरावा पुन्हा तपासून १९६० मधे जन्मठेप दिली, सुप्रीम कोर्टानं नोव्हेंबर १९६१ मधे ती कायम केली. दुपारी दीडला घरातून निघाला आणि चार वीसला खून झाला, म्हणजे जवळपास तीन तास डोकं शांत व्हायला मिळाले होते, तेव्हा अचानक राग आला ही सबब चालणार नाही असं म्हटलं. पुढं १९६४ ला राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी माफी दिली.

लोक इथं ज्युरीला नावं ठेवतात. माझं म्हणणं असं की हायकोर्टानं जजच्याही चुका काढल्या होत्या. शेवटी ज्युरीला कायदा समजावून सांगताना महत्त्वाच्या गोष्टी नीट सांगितल्या गेल्या नाहीत असं निकालात आहे. ज्या माणसांना कायदा अर्धवट सांगितला, ज्यांना महिनाभर रोज पेपरात तेच वाचू दिलं, त्यांच्याकडून कुठला निकाल येणार होता?

राहिला तुमचा वाटणीचा दावा. तो दिवाणी, त्याला जिल्हा कोर्टात कधीच ज्युरी नव्हती. आणि उशीर निकाल कोण देतो यामुळं होत नाही. पक्षकार मयत झाला की वारस रेकॉर्डवर आणा, त्यांना नोटिसा बजवा, मग प्राथमिक हुकूमनामा, म्हणजे कुणाचा वाटा किती ते ठरवणारा, शेतजमीन असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ खाली कलेक्टरकडं वाटपाला, मोजणी, हरकती. ज्युरी बसली असती तरी हे चुकलं नसतं. तुम्हाला चार शहाणी माणसंच हवी असतील तर लोकअदालत आहे, पॅनलवर न्यायाधीशाबरोबर वकील आणि सामाजिक कार्यकर्ता बसतात. दोन्ही बाजू राजी असतील तरच होतं, पण झालं की अपील नाही आणि कोर्ट फी परत मिळते. तुमच्या पिढीत चुलतभावांशी बोलणं होत असेल तर वकिलांना हे जरूर विचारा.

गुरुजी_नवीपेठ

मी इतिहास शिकवला आहे, म्हणून एक बाजू मांडतो जी नानावटीच्या गोष्टीत दरवेळी झाकली जाते. महाराष्ट्रानं ज्युरीचा खरा अर्थ लोकमान्यांच्या खटल्यांत पाहिला. १८९७ साली राजद्रोहाच्या खटल्यात ज्युरीत सहा युरोपियन, तीन हिंदी. निकाल ६ विरुद्ध ३, दीड वर्ष सक्तमजुरी. १९०८ साली केसरीतल्या लेखांवरून पुन्हा खटला, ज्युरीत सात युरोपियन आणि दोन पारशी, निकाल ७ विरुद्ध २. आकडे बघा आणि तुम्हीच विचार करा. न्यायमूर्ती दावर, हेच दावर १८९७ ला टिळकांच्या जामिनासाठी वकील म्हणून उभे होते. त्यांनी सहा वर्षांची शिक्षा दिली आणि टिळक मंडालेला गेले.

टिळकांनी स्वतः कित्येक तास ज्युरीपुढं भाषण केलं आणि त्यात सारखं सांगत होते की लेख मराठीत आहेत, तुमच्यापुढं ठेवलेली भाषांतरं चुकीची आहेत. ज्या माणसाला लेखाची भाषाच येत नाही तो लेखकाच्या मनातला हेतू कसा ठरवणार? आणि राजद्रोहात सगळा प्रश्न हेतूचाच. निकालानंतर त्यांनी सांगितलं की ज्युरीनं काहीही ठरवलं तरी मी निर्दोष आहे. ते शब्द मुंबई हायकोर्टात ज्या दालनात खटला चालला तिथं कोरून लावले आहेत, मुंबईला जाल तेव्हा अवश्य बघा. मुंबईतल्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला, शिक्षेच्या दर वर्षाला एक दिवस. कापडाच्या गिरण्यांवर वाढलेल्या आपल्या गावाला त्याचं मोल वेगळं सांगायला नको.

तेव्हा ज्युरी चांगली का वाईट असं विचारूच नका. खुर्चीवर कुणाला बसवलं, आरोपीची भाषा आणि जगणं त्यांना ठाऊक आहे का, हे आधी विचारा. एडिसनकरांच्या गोदामवाल्या माणसाची गोष्ट आणि टिळकांची ज्युरी शेजारी ठेवून बघा.

लॉ_थर्डइयर

गुरुजी, पूर्ण सहमत. पण ज्युरीच्या बाजूनं एक गोष्ट सांगावीच लागेल. १६७० साली लंडनमधे विल्यम पेन आणि मीड यांच्यावर रस्त्यात बेकायदा सभा घेतल्याचा खटला भरला, ज्युरीनं दोषी म्हणायला नकार दिला. जजनं त्यांना अन्नपाण्याविना कोंडून ठेवलं, तरी ते हलले नाहीत, मग दंड केला आणि दंड न भरणाऱ्यांना तुरुंगात टाकलं. त्यातल्या एडवर्ड बुशेलनं दाद मागितली आणि मुख्य न्यायाधीश वॉन यांनी ठरवलं की निकाल आवडला नाही म्हणून ज्युरीला शिक्षा करता येणार नाही. साध्या माणसांनी राजाच्या कोर्टाला नाही म्हटलं आणि ते टिकलं. मला हे वाचताना अंगावर काटा आला होता.

आणि सगळीकडं बाराच असतात असं पण नाही. इंग्लंडमधे बारा, पण बराच वेळ एकमत नाही झालं तर १० विरुद्ध २ चालतं. स्कॉटलंडला १५. जपाननं तर २००९ पासून वेगळंच सुरू केलंय, गंभीर गुन्ह्यात तीन जज आणि सहा नागरिक एकाच टेबलाला बसतात, दोषी का नाही आणि शिक्षा किती हे दोन्ही मिळून ठरवतात, बहुमतात निदान एक जज असावाच लागतो. फ्रान्समधे पण जज आणि नागरिक एकत्र बसतात. मला वाटतं आपल्याला परत काही आणायचं असेल तर जपानसारखं आणावं.

पद्मा_पूर्वभाग

मी वकील नाही, शिवणकाम करते, पण मला मनापासून भीती वाटते म्हणून लिहितेय. चार शहाणी माणसं म्हटलं की माझ्या डोळ्यापुढं जातपंचायत येते. पोरीनं मनानं लग्न केलं म्हणून घर वाळीत टाकणारी तीच माणसं असतात ना? आपल्या राज्याला २०१६ मधे सामाजिक बहिष्काराविरुद्ध वेगळा कायदा करावा लागला तो काही उगाच नाही. उद्या ज्युरी आली आणि आरोपी एका जातीचा, फिर्यादी दुसऱ्या जातीचा, तर वॉर्डातले पुढारी ज्युरीवाल्यांच्या घरी पोचायला किती वेळ लागेल? आपल्याकडं साक्षीदार फितूर होतात, पंचनाम्यावर सही केलेले पंच कोर्टात फिरतात, मग ज्युरीतल्या माणसाला कोण सांभाळणार? जज निदान निकालात कारणं लिहितो, ती वाचून वरच्या कोर्टात जाता येतं. बारा जण नुसतं दोषी म्हणाले तर त्या माणसानं कशावर भांडायचं?

पण लोकांना कळत नाही असं मी अजिबात म्हणणार नाही. आमचे पाहुणे जहिराबादला आहेत, आपल्या हैदराबाद हायवेवरच. त्या भागात २००१ मधे प्रजातीर्पु झाली होती, कोर्टातली नव्हे, धोरणावरची नागरिकांची ज्युरी. तेव्हाच्या आंध्र सरकारनं शेतीचं पुढच्या वीस वर्षांचं जे स्वप्न आखलं होतं ते तपासायला लहान शेतकरी बसवले, त्यात बाया जास्त. त्यांच्यापुढं सरकारी माणसं, बियाणं कंपनीवाले, शास्त्रज्ञ, संस्थावाले येऊन साक्ष देत होते आणि या बाया त्यांना उलट प्रश्न विचारत होत्या, यंत्र आणलं तर आमच्या हातचं काम कुठं जाणार, बियाणं आमचं राहणार का. शेवटी त्यांनी कारणांसकट सांगितलं की हे आम्हाला नको आणि अमुक हवं. त्या निकालानं कुणाला तुरुंगात जावं लागत नव्हतं, म्हणून तिथं मला धोका दिसत नाही. माणसाच्या जन्माचा निकाल असेल तिथं मला कारणं लिहिलेली हवीत.

अ‍ॅड_सातरस्ता

पद्माताई, तुमचा कारणांचा मुद्दा सगळ्यात वजनदार आहे. आपल्याकडं निकालपत्रात मुद्दे, निर्णय आणि त्याची कारणं लिहिणं न्यायाधीशावर बंधनकारक आहे, आणि निर्दोष सोडलं तरी सरकारला अपील करता येतं. ज्युरी आणायची तर हे दोन्ही हलणार. एक मात्र लक्षात ठेवा, ज्युरीची एक खूण आपल्या देशात आजही शिल्लक आहे. पारशी विवाह कायदा १९३६ चा, त्यांच्या घटस्फोटाच्या दाव्यांत समाजातले प्रतिनिधी न्यायाधीशाबरोबर बसून वस्तुस्थितीवर निर्णय देतात. आधी सात असायचे, १९८८ पासून पाच.

आणि थर्डइयर, जपानची पद्धत मलाही आवडते, पण त्याला सलग रोज सुनावणी लागते. आपल्या कायद्यात रोजच्या रोज खटला चालवा असं लिहिलेलंच आहे. आधी तेवढं करून दाखवू दे, मग नागरिकांना कामधंदा सोडून बसवण्याचा विषय काढू.

टॉवेल_अक्कलकोटरोड

सगळ्यांचे मनापासून आभार. ताईला सगळं वाचून दाखवलं, आता ती रोज त्याला फोन करून केस कसली आहे विचारणार म्हणतेय. ते चालतं का? आणि लोकअदालतीचं वकिलांना विचारतो, धाकट्या चुलतभावाशी बोलणं आहे माझं.

एडिसनकर_मूळचा_बाळीवेस

नाही काका, केस चालू असताना आईला पण सांगायचं नाही, जजला कळलं तर त्याला ज्युरीतून काढतील आणि कधी कधी अख्खा खटला रद्द होतो. निकाल लागल्यावर अमेरिकेत साधारणपणे बोलता येतं, जज काही अट घालेल ती पाळायची. इंग्लंडला मात्र खोलीतलं बोलणं नंतर सांगणं पण गुन्हा आहे आणि जपानला ते आयुष्यभर गुप्त ठेवावं लागतं. ताईंना सांगा की निवड झाली नाही तर पोरगा त्याच दिवशी संध्याकाळी घरी येईल, बऱ्याच जणांचं तसंच होतं. त्याला म्हणावं समन्सचा कागद आणि ओळखपत्र बरोबर ठेव, आणि एक स्वेटर, त्या हॉलमधे एसी फार असतो.